लाल पट्ट्याच्या दोनशे अलीकडे

धाकटी बहीण शर्यतीत मोटरसायकल चालवते, हे आमच्या घरात एकट्या मलाच आवडायचं. त्यामुळे तिच्या गाडीत नाक खुपसायचा हक्क आपलाच, असं मी धरून चाललो होतो. सरकारी कारखान्यात मी इंजिनं तपासतो. तिथे इंजिन चौकटीला घट्ट जखडलेलं असतं. वेग हळूहळू चढवायचा, थांबायचं, आकडा लिहायचा. या कामानं माणूस अचूक होतो आणि थोडा असह्यही.

तिची शर्यत सरळ, चारशे मीटरची. सगळा खेळ गिअर कधी बदलायचा याचा. इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीवर बारा हजारांना लाल पट्टा सुरू होतो. फार आधी बदलला तर गाडी ढेपाळते, उशीर झाला तर इंजिन फुटतं. बहीण आवाजावरून बदलायची. मला तो अडाणीपणा वाटे. आमच्या कानडी शहरातल्या शिवाजीनगरच्या गॅरेजात मी तिच्या डोळ्यांसमोर एक इशाऱ्याचा दिवा बसवून घेतला आणि तो अकरा हजार आठशेला पेटेल असा लावला. वेग हाताबाहेर गेला तर इंजिनाला आपोआप आवरणारी सोय होती, तीही काढायला लावली. ऐन वेळी गाडी अडखळायला नको. मिस्त्रीनं ती काढून बाजूला ठेवली. इंजिनिअरसाहेबांपुढे कोण बोलणार?

"अण्णा, पहिल्या गिअरला दिवा स्वल्प अलीकडे ठेव की. काटा फार पटकन चढतो," बहीण म्हणाली.

"आकडे मी काढलेत. दिवा लागल्याशिवाय बदलायचा नाही."

"सरी," ती म्हणाली, म्हणजे कानडीत 'बरं'. आमच्याकडे थोरल्या भावाशी वाद तिथेच संपतो.

रविवारी सकाळी हेब्बाळचा पूल ओलांडून आम्ही शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर गेलो. वारा पडला होता. ती रेषेवर जाऊन उभी राहिली, बुटानं गिअर चाचपला, आणि तेव्हा मला माझी चूक कळली. दिवा दिसल्यापासून पाय हलेपर्यंतचा वेळ मी धरलाच नव्हता. कारखान्यातल्या इंजिनाला पाय नसतो.

तिला थांबवायला मी हात वर केला. पण शर्यत सुटायचा हिरवा दिवा लागला होता.

आवाज चढत गेला. आता बदल, असं माझ्याही कानाला कळलं. तो आणखी चढला. मग कडकन काहीतरी तुटलं, मागचं चाक जागीच जाम झालं आणि गाडी आडवी घसरत गेली.

इस्पितळात डाव्या पायात सळ्या घातल्यावर ती संध्याकाळी शुद्धीवर आली. खोलीत आई होती, काका होते. मी कबूल करायला तोंड उघडलं, तोवर तीच म्हणाली, "अण्णा, कानाला कळत होतं, तरी मी दिव्यासाठी थांबले. माझाच पाय उशिरा हलला असेल."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली. ती अजून तसंच समजते.