गालिच्यावरचे मारोतरावांचे पाय

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आमच्या घरी आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच भूत, भानामती, अंगारे-धुपारे सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. त्यात मी बारा वर्षं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट होते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय... पण कुठेतरी सांगायलाच हवं.

कापसाचे दिवस फिरले होते, त्या वर्षांतली गोष्ट. जिल्ह्यातल्या, कापसातून सरकी काढणाऱ्या कितीतरी जिनिंग बंद पडल्या होत्या. नेरजवळच्या अशाच एका जिनिंगच्या मालकाच्या मुलानं, राजूभाऊंनी, तिथं मंगल कार्यालय काढायचं ठरवलं. जुनं ऑफिस म्हणजे नवरदेवाची खोली. तिथला मोठा लोकरीचा गालिचा साफ करायला त्यांनी मला यवतमाळहून बोलावलं. लॅब सोडल्यापासून मी गालिचे धुवायची कामं घेते, माझ्याकडे गरम पाण्याचं मशीन आहे - एकीकडून दाबानं पाणी फवारतं, लगेच ओढूनही घेतं. रविवारी पहिलं लग्न, आणि मी पोचले गुरुवारी सकाळी.

सेठच्या, म्हणजे राजूभाऊंच्या वडिलांच्या, टेबलासमोर गालिच्यावर दोन काळपट पाय उमटलेले होते. अगदी टाचेपासून अंगठ्यापर्यंत.

"ते मारोतरावचे," राजूभाऊ म्हणाले. "आमचे ग्रेडर. कापूस हातात घेतला की प्रत सांगत. तीस साल तिथंच उभे राहिले, खुर्ची दिली तरी बसत नसत. आता लकवा झाला. इथं मागंच घर आहे त्यांचं."

लोकर म्हटली की सोल्युशन जपून निवडावं लागतं. कडक, सोड्याचं वापरलं तर मळ निघतो, पण लोकर पिवळी पडते, खरखरीत होते. म्हणून मी सौम्य घेतलं, ना आम्ल ना अल्कली. कोपऱ्यात तपासलं. पाणी कोमट ठेवलं. दुपारपर्यंत गालिचा असा उजळला की मीच खूश! पायही गेले.

शुक्रवारी सकाळी गालिचा वाळला होता, आणि पाय परत होते.

आमच्या धंद्यात हे होतं. तळाचा मळ ओलीसोबत वर चढतो. मी गालिचा उचलून पाहिला... खालची बाजू स्वच्छ, फरशी कोरडी. मळ येणार कुठून?

"मॅडम, तुमचं ते बेबी शाम्पू ठेवा बाजूला," राजूभाऊ वैतागले. "कडक काहीतरी मारा ना!"

"लोकर आहे भाऊ, खराब होईल."

"गालिचा माझा आहे की तुमचा?"

हातमोजे घातले, स्वयंपाकघरातला तेलकटपणा काढायला सोबत ठेवलेलं कडक अल्कली पातळ करून त्या दोन पायांवर फवारलं, आणि दहा मिनिटं मुरू दिलं.

तेवढ्यात एक बाई धापा टाकत दारात आली. मारोतरावांची सून, मंदा.

"तुमी इथं काय करून राह्यल्या वो? आमचे बाबा वरडून राह्यले घरी. म्हणतेत, ऑफिसात माह्या पायावर कोण पाणी फेकून राह्यलं, आग होऊन राह्यली!"

"त्यांना लकवा झालाय ना?"

"तेच तं! दोन सालापासून पायाले सुई टोचली तरी समजत नाही त्याइले!"

मी गेले. खरं सांगू, तिला खोटं ठरवायलाच गेले. म्हातारा खाटेवर कण्हत होता. तळवे लाल, आणि तासभर पाण्यात उभं राहिल्यासारखे सुरकुतलेले. ओले. खालची चादर मात्र कोरडी. माझ्या ॲप्रनच्या खिशात लिटमसच्या पट्ट्या असतातच. मी हात पुसले, तरी मोज्यांवरचं अल्कली लागल्याचा संशय नको म्हणून मंदाच्याच हातात लाल पट्टी दिली. तिनं टाचेला लावली.

निळी झाली. म्हणजे टाचेवर अल्कली होतं.

मी पळत परत आले. अल्कली मारायला व्हिनेगर पाण्यात टाकून ते दोन पाय धुतले, मग नुसत्या कोमट पाण्यानं तीनदा. राजूभाऊ मागं ओरडत होते, "अरे, काय चाललंय?" मी पुन्हा मागच्या घरी गेले, तर म्हातारा शांत पडला होता. मला तो ओळखतही नव्हता.

"कोमट केलं, बरं केलं बाई," एवढंच म्हणाला.

मंदानं घरून कोणालाही बघायला पाठवलं नव्हतं, आणि मी काय केलं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी पाय पुन्हा उमटले. मी म्हटलं, आता मी हात लावणार नाही. राजूभाऊंनी मला बरंच सुनावलं, मग चार माणसं लावून नवरदेवाचा भारी सोफा उचलून बरोबर त्या पायांवर ठेवला. विषय संपला, मी यवतमाळला आले.

संध्याकाळी मंदाचा फोन.

"ताई, बाबा म्हणतेत पायावर कायचं वजन ठेवलं? काढाले सांगा ना."

मी राजूभाऊंना फोन केला. काय काय ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही. पण शेवटी, काय वाटलं कोण जाणे, त्यांनी सोफा भिंतीला सरकवला. दहा मिनिटांत मंदाचा परत फोन - बाबा झोपले.

रविवारचं लग्न ते पाय दिसत असतानाच लागलं. कोणाचं लक्षही गेलं नाही म्हणे.

याला वर्षं झाली. मी लॅबमधल्या जुन्या सरांना विचारलं, एका डॉक्टरांना विचारलं. सर म्हणाले, पट्टी जुनी असेल. डॉक्टर म्हणाले, घामही कधी कधी अल्कलाइन असतो. असेल. मग सोफ्याचं काय? त्यावर दोघांनीही विषय बदलला. मला याचाच जास्त राग येतो.

आता कुठेही काम घेतलं की सोल्युशन काढायच्या आधी मी विचारते, इथं कोण उभं राहायचं, आणि ते माणूस सध्या कसं आहे? गिऱ्हाईक म्हणतं, बाई, तुम्ही गालिचा धुवायला आल्या की चौकशीला? मी पाणी कोमट ठेवते.