त्या फोटोतली मुलगी

मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये आयुष्यभर डॉक्टरकी केली आणि निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी प्रचाराला लागले. आमच्या भागातून अमेरिकन काँग्रेससाठी एक तरुण वकील उभा होता. मी त्याला घरी बोलावलं, सोबत इथल्या मराठी मंडळींनाही. तो सतरंजीवर मांडी घालून बसला, पोहे दोनदा मागून घेतले आणि प्रत्येकाचं गाऱ्हाणं ऐकलं. त्याच्यासाठी बर्फातून दारोदार फिरून माझा गुडघा गेला, पण तो निवडून आला. पुढे आणखी दोनदा आला.

कुरबुरी होत्याच. एकदा आम्हाला दिलेला शब्द मोडून त्याने आयत्या वेळी मत फिरवलं. माझा नवरा म्हणाला, "हा वारा पाहून पाठ फिरवणारा माणूस आहे." मी भांडले. म्हटलं, राजकारणात करावं लागतं.

आमच्या शेजारी नागपूरचं एक कुटुंब राहायचं. वडील इंजिनिअर, वर्क व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत कित्येक वर्षं. मुलगी चार वर्षांची असताना इथे आली. एकवीस पूर्ण झाली की आईवडिलांच्या व्हिसावर तिला राहता येणार नव्हतं. अशा मुलांसाठी कायदा आणतो, असं आमचा काँग्रेसमन म्हणाला आणि सभेत बोलायला कुणीतरी द्या, असा त्याच्या ऑफिसातून मला फोन आला. मी शेजारी गेले.

मुलीची आई बिचकली. "काकू, आपलं चव्हाट्यावर कशाला मांडायचं? काही झालं तर?"

"मी आहे ना," मी म्हटलं.

मुलगी सुंदर बोलली. लोकांनी डोळे पुसले. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकवर सांगितलं, "ही आपली मुलगी आहे." त्या क्षणाचा फोटो त्याच्या प्रत्येक पत्रकावर छापला गेला.

पुढच्या वर्षी तो गव्हर्नरपदासाठी उभा राहिला. विरोधकांनी जाहिरातीत तोच फोटो दाखवला : हा तुमच्या मुलांच्या जागा परक्यांना देणार. मुलीला घाणेरडे मेसेज येऊ लागले. वडिलांच्या कंपनीत निनावी फोन गेले. मी त्यांना धीर देत राहिले, तो गप्प बसणार नाही म्हणून.

तो गप्प बसला नाहीच. टीव्हीवर विचारलं तेव्हा हसून म्हणाला, "माझ्यासोबत हजारो लोक फोटो काढतात. या कुटुंबाला मी ओळखत नाही. मिशिगनच्या नोकऱ्या आधी मिशिगनच्या माणसांना."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या सभेला जाऊन रांगेत उभी राहिले. माझी पाळी आल्यावर विचारलं, "तुम्ही त्यांना ओळखत नाही?"

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "डॉक्टर, आधी मला जिंकू द्या. मग त्यांच्यासाठी सगळं करीन."

"ती दोन महिन्यांनी एकवीस पूर्ण करतेय."

त्याचं हसू तसंच राहिलं. मदतनिसाने माझ्या कोपराला धरून मला बाजूला केलं आणि मागचा माणूस पुढे आला.

एकवीस पूर्ण व्हायच्या आत मुलगी कॅनडात, टोरांटोला गेली. निघण्याच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. आईने दार उघडलं, पण "या" म्हणाली नाही. "तुमच्यावर राग नाही, काकू. पण तुम्ही म्हणालात म्हणूनच ती स्टेजवर चढली." मुलगी आतून आली, मला मिठी मारून म्हणाली, "इट्स ओके, काकू. यू डिडन्ट नो."

नोव्हेंबरमध्ये तो जिंकला. मी मतपत्रिकेवर गव्हर्नरची जागा कोरी सोडली होती. कोऱ्या जागेने कुणाचं काय बिघडलं?

मुलीचं ते "यू डिडन्ट नो" मात्र मला सहन होत नव्हतं. एका रविवारी मी तिला फोन केला. "मला अगदीच माहीत नव्हतं असं नाही गं," मी म्हटलं. "त्याला शब्द फिरवताना मी आधी पाहिलं होतं."

ती या वेळी मराठीत म्हणाली, "मग तेव्हा आईला का नाही सांगितलंत?"