मामीच्या मापाची पेटी

आमचा मामा शवपेट्या करायचा. खिडक्या, कपाटं, शाळेचे बाक हेही त्यानं केलं, पण नाव झालं ते पेट्यांचं. माणूस समोर आला की त्याची नजर डोक्यापासून पायापर्यंत एकदा फिरणारच. आम्ही भाचरं त्याच्यापुढे मुद्दाम पोक काढून उभी राहायचो. मामीला ही थट्टा खपत नसे. "धंद्याची नजर दुकानात ठेवून या," असं ती त्याला दारातच सुनवायची.

मामा तसा अबोल. चर्चमध्ये तो खांबाआडचा बाक धरून बसायचा. प्रार्थनेत आवाज चढवणाऱ्यांचा त्याला कंटाळा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

मग मामी आजारी पडली. ताप डोक्यात गेला, ती माणसं ओळखेना. इस्पितळात डॉक्टरांनी मामाला बाजूला घेतलं आणि नातेवाइकांना कळवा म्हणाले. मामानं कुणालाही कळवलं नाही. तडक दुकानात गेला आणि आतून कडी घातली.

संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब त्याला शोधत आले. हाका मारल्या, उत्तर नाही. खिडकीतून डोकावले तर मामा गुडघ्यांवर, मान खाली, खांदे हलतायत. पाळक आल्या पावली परत फिरले. पुढे दोनेक दिवसांत मामीचा ताप उतरला आणि तिनं पाणी मागितलं.

पाळक आमचे भले गृहस्थ, पण हाती दृष्टान्त लागला की सोडत नाहीत. त्या रविवारचा उपदेश मामाच्या गुडघ्यांवरच झाला. बायका नवऱ्यांना टोमणे मारू लागल्या, बघा, शिका जरा. मामी घरी आली की मामानं चर्चमध्ये सगळ्यांसमोर देवाच्या कृपेची साक्ष द्यायची, असंही परस्पर ठरून गेलं.

मामी घरी आली आणि मामा वाळायला लागला. जेवताना घास फिरवत बसायचा. मला वाटलं, लाजतोय. चारचौघांत बोलायचं म्हणजे त्याच्या अंगावर काटाच.

साक्षीच्या आदल्या दुपारी मी मामीला संत्रं सोलून देत होते. मामा दारात येऊन उभा राहिला.

"उद्या मी उभा राहणार नाही."

"का?" मामीनं विचारलं.

"मी प्रार्थना करत नव्हतो. पेटी घासत होतो. गुडघे टेकल्याशिवाय तळाला हात पोचत नाही." मग खाली बघत म्हणाला, "तुझी पेटी."

मी हातातली फोड हातातच धरून बसले.  मामी चपला शोधू लागली. "दाखवा," म्हणाली.

दुकान घरामागेच होतं. मामानं टेकवून ठेवलेलं प्लायवूड बाजूला केलं. घराच्या नव्या दारासाठी राखून ठेवलेलं चांगलं लाकूड त्यानं मागे लपवलेल्या पेटीला वापरलं होतं. आत पांढरं कापड होतं, टाके वेडेवाकडे, म्हणजे हेही त्याचंच काम. मामीनं काठावरून हात फिरवला.

"एवढी रुंद कशाला केलीत?"

"तुला कुशीवर झोपायची सवय."

मामी स्टुलावर बसली आणि रडली. रडता रडताच भडकली. "मी श्वास घेत होते तिकडे! आणि तुम्ही इकडे रंधा मारताय?"

"डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर म्हणजे काय देव?"

मामा भिंतीला टेकला. "देवाकडे मागायचा धीर झाला नाही गं. मागितलं असतं आणि तो नाही म्हणाला असता, तर मी पुन्हा त्याच्याशी बोललो नसतो. म्हणून मागितलंच नाही. मनातून तुला पोचवून आलो."

मामीनं पदरानं डोळे पुसले. तिचा राग गेला नव्हता, तो तिच्या आवाजात होता. "आणि तेव्हा तो कुठे होता? इथेच ना, तुमच्यासमोर? बघत होता ना सगळं? बघूनही मला परत धाडलं. दुसरीकडे कुठे नाही, तुमच्याकडेच धाडलं."

"तेच तर सोसवत नाही," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पाळकांनी हसतमुखानं मामाला खूण केली. त्याला वाटलं असतं तर तो मान हलवून सुटला असता. पण तो उठला. समोरच्या बाकाची पाठ त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"पाळकसाहेबांनी मला गुडघ्यांवर पाहिलं, ते खरं आहे. मी माझ्या बायकोची पेटी घासत होतो. तिच्यासाठी देवाकडे एक शब्द बोललो नव्हतो."

कुणीतरी खोकलं. पाळकांचा चेहरा बघवेना.

"मागितलं असतं, तर मागितलं म्हणून मिळालं असं तरी म्हणता आलं असतं. मी पाठ फिरवून बसलो होतो. तो माझ्या पाठीमागून आला आणि देऊन गेला. मी कसा आहे ते त्याला पुरतं ठाऊक होतं, तरी दिलं." त्यानं मान खाली घातली. "माझ्यासारख्यावर एवढं प्रेम कुणी करावं? मला फार लाज वाटते."

आमेन कुणाच्याच तोंडून निघालं नाही. मामा खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मामीनं ते हात काढायला लावले नाहीत, नुसती सरकली आणि त्याला चिकटून बसली.