चार शब्दांचा जबाब

"पन करनारा कोन?"

कुणी काही सांगत आलं की मामा हातातलं काम थांबवायचे, उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि हा प्रश्न टाकायचे. कँटीनमध्ये कुणी म्हणालं, "चहा सांडला," की बोट वर. "आपोआप नाय सांडत. करनारा कोन?" कुणी म्हणालं, "उद्यापासून शिफ्ट बदलायचं ठरलंय," तरी तेच. साध्या बोलण्यात माणसाला असा अडवून धरणारा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. मामांना मात्र ही सवय इंग्रजी शिकताना लागली, आणि ती लावणारी मी. तेव्हा त्यांच्याबद्दल लिहायचा थोडा हक्क मला आहे, असं मी धरून चालते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगांना लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होते. वय तेवीस, राहायला बदलापूरला. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या एका क्लासात टायपिंग शिकले आणि चाळीसच्या स्पीडची परीक्षा पास झाले. पण खरं सांगायचं तर मी काय टाइप करते, ते मला अर्धंसुद्धा कळत नसे. इंग्रजी बोटांना येत होतं, मला येत नव्हतं. हे मी कुणालाही कळू दिलं नव्हतं.

मामा प्लँटवर ऑपरेटर होते. पन्नाशीला आलेले, काटक, बोलायला सावकाश. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून यायचे. बदलापूरपर्यंत सायकल, पुढे शिफ्टच्या माणसांनी खच्चून भरलेली रिक्षा. हाताची नखं कायम पिवळी. कितीही घासली तरी रंग जात नसे. "आमाला रोजच हळद लागते," असं म्हणायचे. शिक्षण चौथी. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले वॉचमनसुद्धा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ते ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. बूट बाहेर काढून ठेवलेले.

"बाय, मना इंग्रजी शिकवशील?"

"आता या वयात, मामा?"

"अक्षरं येतात मना. पिंपांवरचं, पोत्यांवरचं बघून बघून शिकलो. चार-दोन शब्द बी येतात. पन शब्दाला शब्द लागला की काय होतं ते कळत नाय. बॅचचा कागद येतो, मी सही मारतो. वीस वर्षं मारतोय. कशावर मारतोय, देव जाने."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मीही तेच करत होते, फक्त मशिनवर.

त्या संध्याकाळी धाकट्या बहिणीकडून तिचं आठवीचं व्याकरणाचं पुस्तक मागून घेतलं. आदल्या दिवशी मी शिकायचे, दुसऱ्या दिवशी मामांना शिकवायचे. मास्तरीण व्हायला एक धडा पुढे असणं पुरतं.

हजेरीची कार्डं ठेवलेल्या टाइम ऑफिसच्या मागे, बदामाच्या झाडाखाली वर्ग भरायचा. वही म्हणजे माझ्या चुकलेल्या टाइपच्या कागदांची कोरी बाजू.

पुस्तकातली उदाहरणं मामांना चालत नसत. पुस्तकात राजा होता, बाग होती, गुलाब होता. "राजा मी कुठं बघितलाय? पंप घे." मग पंप हे नाम, गरम हे विशेषण, फिरतो हे क्रियापद. 'स्लोली' आल्यावर मीच अडखळले. हा शब्द नक्की कुणाला लागतो, पंपाला की फिरण्याला? मी पान उलटून शोधत होते, तोवर मामा म्हणाले, "पंप हळू नसतो, बाय. फिरनं हळू असतं." शाळेत क्रियाविशेषणाची व्याख्या मी तीनदा पाठ केली होती. ते समजलं त्या झाडाखाली.

वाक्याची रचना आली तेव्हा मी कागदावर लिहिलं, 'मामा ईट्स भाकरी.' मामांनी ते बराच वेळ निरखलं.

"म्हंजे खानं मधीच? आपला मानूस शेवटापर्यंत कळू देत नाय. मामांनी भाकर... भाकर काय? खाल्ली का कुत्र्याला घातली? थांबा आपले. इंग्रज पटकन सांगून मोकळा."

'इन'चंही तसंच. "आपन डबा धरतो, मग त्याला 'त' लावतो. डब्यात. यो आधी 'त' म्हनतो आन मग डबा शोधतो." 'द' मात्र मलाच धड येत नव्हता. मामा दोन दिवस त्यावर विचार करत राहिले आणि तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "कुठलं बी पिंप असेल तर 'अ'. पन असं बोट दाखवून सांगितलं, त्येच पिंप, तर 'द'. 'द' म्हंजे बोट." पुढे मी बी.ए. केलं, शिकवण्याही घेतल्या. याहून सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

लांब वाक्य दिसलं की ते बिचकायचे. मी एक युक्ती सांगितली. आधी क्रियापद हुडकायचं, मग त्याला विचारायचं, करणारा कोण? कर्ता सापडला की निम्मं वाक्य हातात आलं. ही युक्ती त्यांना इतकी आवडली की पुढे सगळ्या कारखान्याला तिचा ताप झाला.

बोलायचाही सराव चालू असे. कँटीन चालवणारा उल्हासनगरचा एक सिंधी गृहस्थ होता. मामा त्याला ग्लास दाखवून म्हणाले, "टी इज कोल्ड."

"अरे मामा, इंग्लिश में बोलोगे तो चाय गरम हो जाएगी क्या?"

"नहीं होगी. लेकिन तुमको समझा ना?"

"समझा."

"बस," मामा म्हणाले आणि तो गार चहा आनंदाने पिऊन टाकला.

एप्रिलमधल्या एका दुपारी प्लँटवर भोंगा वाजला. दत्तू म्हणून मामांचा जोडीदार होता, चार नंबर कॅम्पात राहणारा, घरी बायको आणि दोन लहान मुली. त्याने रिॲक्टरखालचा व्हॉल्व्ह उघडला आणि आतला उकळता माल अंगावर उडाला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. मामांनी त्याला उचलून शॉवरखाली नेलं आणि गाडी येईपर्यंत त्याला धरून पाण्यात उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी मला एक जबाब टाइप करायला दिला. साक्षीदार म्हणून खाली मामांची सही घ्यायची होती. एव्हाना मला इंग्रजी कळायला लागलं होतं, आणि त्या दिवशी ते कळलं नसतं तर बरं, असं वाटलं. माल थंड व्हायच्या आधीच कामगाराने व्हॉल्व्ह उघडला, असं त्यात लिहिलं होतं. तो उघडायला सुपरवायझरने सांगितलं होतं, पुढच्या बॅचची घाई होती म्हणून, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं. तो कागद पुढे गेला असता तर हात भाजलेल्या दत्तूची नोकरीही गेली असती.

मी टाइप केला. एकही चूक न करता. वडील रिटायर झालेत, बहीण शिकतेय, असं टाइप करताना मनात म्हणत राहिले.

मामांना बोलावलं. साहेबांनी पेन पुढे केलं. "मामा, इथे सही करा."

मामांनी पेन घेतलं नाही. खिशातून चष्मा काढला. "वाचतो, साहेब."

साहेब हसले. भिंतीला टेकून उभा असलेला सुपरवायझरही हसला. मामांचं पिवळं नख पहिल्या शब्दाखाली जाऊन थांबलं. एकेक शब्द सुटा करत ते मोठ्याने वाचू लागले.

"द... वॉल... वॉज... ओपन्ड. ओपन्ड, यो क्रियापद." मग थांबले. "करनारा कोन? पुढं तर वॉल बसलाय. वॉल आपोआप उघडला?"

अशा उलट्या वाक्यांपर्यंत आमचा अभ्यास पोचलाच नव्हता. नख पुढे सरकलं. "बिफोर... टाइम... बाय..." ते माझ्याकडे वळले.

"बाय, यो 'बाय' काय?"

साहेबांना वाटलं, नुसती हाक मारली. मला प्रश्न कळला होता. 'बाय' म्हणजे जवळ, शेजारी, असंही आमच्या पुस्तकात दिलं होतं. मी तेवढंच सांगितलं असतं तरी कुणी मला खोटी म्हणालं नसतं. कामगाराजवळचा व्हॉल्व्ह उघडला, असं समजून मामांनी सही केली असती आणि मी पुन्हा माझ्या मशिनवर बसले असते. साहेब माझ्याकडे बघत होते.

"कडून," मी म्हणाले. "कामगाराकडून उघडला गेला, मामा."

मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत लावला.

"करनाऱ्याला शेवटाला दडवलाय," ते म्हणाले. "आन तो बी खोटा. साहेब, यो माझा जबाब नाय. माझा मी लिवतो."

त्यांनी कोरा कागद मागितला. कुणीच हललं नाही, तेव्हा मी उठून दोन कागद दिले. पिंपांवर असतात तशा मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहायला घेतलं. पाच-सात मिनिटं लागली. लिहून झालं ते एवढंच होतं: 'सुपरवायझर टोल्ड. दत्तू ओपन्ड.' खाली सही. मग तेच दुसऱ्या कागदावर. एक साहेबांपुढे ठेवला, दुसरा घडी घालून खिशात टाकला. सुपरवायझरचं स्पेलिंग चुकलं होतं, पण वाक्यं दोन्ही बरोबर होती.

पुढच्या आठवड्यात सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला आले. मामांनी खिशातला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. वाक्य बरोबर हाय का, साहेब?"

"अगदी बरोबर आहे."

चौकशीत काय निष्पन्न झालं यापेक्षा मामांना या उत्तराचं जास्त अप्रूप होतं. दत्तू अडीच महिन्यांनी कामावर परतला. सुपरवायझर दुसरीकडे गेला. मला कुणी काढलं नाही, फक्त साहेबांनी पुढे कधी नाव घेऊन हाक मारली नाही. मामांना मात्र प्लँटवरून काढून पिंपं धुवायला टाकलं, पत्र्याच्या शेडबाहेर, भर उन्हात. रिटायर होईपर्यंत ते तिथेच होते.

त्या प्रकारानंतर आठवडाभर मी झाडाखाली गेले नाही. मग एक दिवस मामाच दारात आले.

"टाइप करताना तुला कळलं होतं, नाय?"

मी होकाराची मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं, तेही त्यांनी पाहिलं.

"नंतर बोललीस ना? झालं तर." मग म्हणाले, "चल. ती उलटी वाक्यं राहिलीत. शिकीव."

त्या दिवशी आम्ही पॅसिव्ह व्हॉइस केला. करणाऱ्याचं नाव सांगितलं नाही तरी वाक्य पुरं होतं, हे ऐकून मामा चकित झाले. "मंग यो साहेब लोकांनीच काढला असनार," म्हणाले, आणि पोट धरून हसले. मीही हसले.

नव्वदीच्या सुरुवातीला ते रिटायर झाले. माझं लग्न झालं, मी उल्हासनगरला आले. पुढे तो कारखानाही बंद पडला. एका दिवाळीनंतर दत्तू घरी आला, सफेद डाग पडलेल्या हातांनी पाण्याचा ग्लास घेतला आणि म्हणाला, "ताई, मामा गेले. महिना झाला. मलापण कालच कळलं."

आम्ही दोघं रिक्षा करून पाड्यावर गेलो. भाताची कापणी उरकत आली होती. मामींना मी पहिल्यांदाच बघत होते. शेताच्या बांधाशी भेटल्या, लहानशा, डोक्याला फडक्याचं टापसं बांधलेलं. भाऱ्यांनी भरलेली बैलगाडी खळ्याकडे चालली होती आणि त्या बैलांच्या पुढून चालत होत्या. मी माझी ओळख सांगितली.

"मास्तरीण बाय?" त्यांनी माझा हात हातात घेतला. "रोज नाव निघायचं तुझं."

आम्ही बोलत होतो तरी बैल चालतच होते. मामी लगबगीने पुढे झाल्या.

"त्यांनी काय शिकवून ठेवलंय काय म्हाईत," त्या मला म्हणाल्या. "मना नाय कळत ते इंग्रजी. पन दुसऱ्या शब्दाला थांबतच नाय दोघं."

आणि बैलांकडे तोंड करून, जरा लाजत, त्या म्हणाल्या, "ष्टाप."

दोन्ही बैल जागच्या जागी उभे राहिले.