कंबर सैल न करणारे मास्तर

मास्तर माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघत, आधी कमरेकडे. दुकानासमोरून कोणी गेलं की मशीनवरची मान न हलवता ते आकडा सांगत. "अडतीस. दिवाळीपर्यंत चाळीस." तो माणूस कोण, काय करतो, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. आमच्या मुलुंड पूर्वेतल्या निम्म्या लोकांना ते नावाने नव्हे, मापाने ओळखत. बारा वर्षांनी परदेशातून आलेले एक गृहस्थ मोठ्या उत्साहाने त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ओळखलंत का मास्तर?" मास्तरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाले, "चौतीस होतास."

त्यांचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. पायाने चालवायचं मशीन, कापडं बेतायचं टेबल, एक आरसा आणि कपडे घालून बघायला कोपऱ्यात पडदा. डावीकडे औषधांचं दुकान, उजवीकडे फरसाणाचं. "ह्याच्याकडून त्याच्याकडे जायला लोकांना माझ्यासमोरूनच जावं लागतं," असं ते सांगत. मूळचे कुडाळचे. चाळीसेक वर्षांत बोली मुंबईची झाली होती, पण राग आला किंवा आतलं काही बोलायचं झालं की मालवणी वर येई. स्वतः अंगाने काडी. त्याचं श्रेय मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. कोणी विचारलं तर म्हणत, "माझा काय विचारतस, माका पित्त आसा."

चांगला शिंपी पँट शिवताना मागच्या शिवणीत आत थोडं जादा कापड ठेवतो. त्याला माया म्हणतात. गिऱ्हाईक पुढे रुंदावलं तर शिवण उसवून तेवढी पँट सैल करता येते. आणि असं गिऱ्हाईक ओशाळ्या चेहऱ्याने दुकानात आलं की शिंपी त्याला एक ठरलेलं वाक्य ऐकवतो: "कापड आटलंय, साहेब." हा या धंद्याचा शिष्टाचार आहे. उभ्या मुंबईत कोणाचं पोट सुटलेलं नाही, फक्त कापडं आटलेली आहेत, असा समज शिंपी लोकांनी कित्येक पिढ्या टिकवून ठेवला आहे. आमचे मास्तर तेवढे हा शिष्टाचार पाळत नसत. का, ते मला फार उशिरा कळलं.

लॉकडाऊननंतर ऑफिस पुन्हा रोजचं सुरू झालं तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो आणि माझी एकही पँट मला होत नव्हती. दीड वर्ष मी इलॅस्टिकच्या पायजम्यात काढलं होतं. तीन पँट घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी एकीची शिवण उलटून बघितली.

"माया आहे दोन इंच," ते म्हणाले. "सोडणार नाही."

"का?"

"इलॅस्टिक घालत होतास ना घरी? इलॅस्टिकला तोंड नसतं. बटण बोलतं. ते काय बोलतंय ते ऐक आधी."

"मास्तर, मला सोमवारी ऑफिसला जायचंय."

"मग स्टेशनजवळ जा. तिथे दोघं आहेत. करून देतील."

मी गेलो. तिथल्या शिंप्याने पँट हातात घेताच हळहळून सांगितलं, "कापड आटलंय, साहेब." त्या क्षणी त्या माणसाबद्दल मला जो जिव्हाळा वाटला तो अजून आठवतो.

मी विमा कंपनीत मृत्यूच्या दाव्यांची छाननी करतो. माणसं कशाने आणि कितव्या वर्षी जातात ते कागदावर वाचण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी माझ्या पोटाभोवती टेप लावून एकेचाळीस हा आकडा लिहिला तेव्हा त्यांना पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. साखर काठावर होती. "वडील कितव्या वर्षी गेले?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बावन्न. हार्ट अटॅक." डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. बाहेर आल्यावर माझी बायको मेधा एवढंच म्हणाली, "चार वर्षं आहेत तुझ्याकडे."

मग मी शिकलेला माणूस करतो ते केलं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक वेलनेस कोच येत असत. काळा टी-शर्ट, गळ्याजवळ माइक. शरीर हे मंदिर आहे, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. समोर बसलेली आम्ही वीस-बावीस मंदिरं माना डोलावत होतो. त्यांनी आम्हाला जवसाची पावडर दिली, सकाळी सहाला घोषवाक्यं पाठवणारा ग्रुप दिला आणि 'आधी'चे व 'नंतर'चे फोटो दाखवले. 'आधी'च्या फोटोत सगळे दुःखी होते, 'नंतर'च्या फोटोत सगळे हसत होते, आणि दोन्ही फोटोंमध्ये पोट आत ओढलेलं आहे की सोडलेलं, हे कोणी विचारत नव्हतं. अडीच महिन्यांत माझं वजन चार किलो उतरलं आणि पुढच्या महिन्यात पाच किलो चढलं. तेव्हा कोचनी माझ्या मानसिकतेवर काम करायला सुचवलं. मी ग्रुप सोडला.

मास्तरांकडे पुन्हा गेलो ते नवी पँट शिवायला. कापड सोबत नेलं होतं. त्यांनी टेप लावला, आकडा बघितला आणि टेप गळ्यात टाकून स्टुलावर चढले. माळ्यावरून त्यांनी एक जुनी लांबट वही काढली. धूळ झटकली. पानं उलटत एका पानावर थांबले आणि वही माझ्यासमोर धरली. वर माझ्या वडिलांचं नाव होतं.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मी बावीस वर्षांचा असताना ते गेले, ऑफिसच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर. त्या पानावर छाती, बाही, उंची सगळं एकदाच लिहिलेलं होतं. फक्त कमरेसमोर आकडे खोडून खोडून पुढे लिहिले होते. बत्तीस, चौतीस, पस्तीस, अडतीस, चाळीस, बेचाळीस. पुढे काही नव्हतं.

"पाच वेळा पँट सैल करून दिल्या," मास्तर म्हणाले. "दर वेळी काय सांगितलं माहितीये? कापड आटलंय. टेरिकॉट होतं रे. टेरिकॉट कधी आटतं? त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. दोघं हसायचो. शेवटी शेवटच्या पँटचीही माया संपली. मी म्हटलं, नवीन शिवूया. म्हणाले, पुढच्या आठवड्यात कापड आणतो." वही मिटून ते म्हणाले, "मी खोटा बोललंय तेंका. पाच वेळा."

मी माझ्या खात्यातला माणूस. मी त्यांना सांगितलं की अण्णा दिवसाला एक पाकीट सिगारेटी ओढत होते, आजोबा तर पन्नाशीच्या आतच असे गेले होते, कारणं अनेक असतात. पँट सैल केल्याने कोणी मरत नाही.

"तेवढं कळतं मला," मास्तर म्हणाले. "पण डॉक्टरकडे ते कधी गेले नाहीत. घरात कोण बापाची कंबर मोजतं? ती वर्षावर्षाला वाढताना हातात धरणारा माणूस मी एकटाच होतो. बोलायचं काम माझं होतं."

मी आणलेलं कापड त्यांनी घडी करून परत दिलं. माझ्या तीन पँटपैकी एक मागून घेतली, स्टेशनजवळच्या शिंप्याने सोडलेली शिवण उसवली आणि जुन्या मापाला परत शिवली. छत्तीस. ती दुकानातल्या खुंटीला टांगून म्हणाले, "दर रविवारी अकरा वाजता यायचं. पडद्यामागे जायचं. घालायची. बास."

मास्तरांकडे आहाराचं शास्त्र वगैरे नव्हतं. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. रात्री किती वाजता जेवतोस, आणि जेवल्यावर किती वाजता झोपतोस. पहिल्याचं उत्तर सव्वादहा होतं, दुसऱ्याचं अकरा. "म्हणजे तू जेवत नाहीस, पोतं भरून ठेवतोस," ते म्हणाले. आठच्या आत जेवण, रात्रीचा भात बंद, चहातली साखर बंद, शेजारच्या फरसाणवाल्याकडे पाठ. यातलं एकही माझ्यासाठी नवीन नव्हतं. कोचनीही जवळपास हेच सांगितलं होतं, फक्त इंग्रजीत. मेधाने ताटात उसळ वाढवली, पोळ्या चारावरून दोनवर आणल्या आणि मी कुरकुरलो की म्हणू लागली, "मला नको सांगू, मास्तरांना सांग." स्टेशनवरून रिक्षा बंद झाली. मग सकाळी मिठागर रस्त्याने खाडीच्या बाजूला पाऊण तास चालणं आलं. गुडघे सरावल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले जोर भिंतीला टेकून, नंतर टेबलाला टेकून, नंतर जमिनीवर.

पहिले सहा रविवार पँट मांड्यांवरच अडली. सातव्या रविवारी वर आली, बटण लागलं नाही. मी पडद्यामागून तसं सांगितलं. "ऐकू आलं," मास्तर म्हणाले, "तुझा श्वास ऐकू आला." तीन महिन्यांनी बटण लागलं. मी विजयी मुद्रेने बाहेर आलो तर त्यांनी पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"बस."

मी बसलो आणि ताडकन उठलो.

"उभ्याने सगळ्यांचंच माप बरोबर येतं," ते म्हणाले. "माणूस दिवसभर बसलेला असतो. बसता आलं की सांग."

मग गणपती आले. आमच्या घरी पाच दिवसांचा असतो. मोदक, त्यानंतर लोकांकडचे मोदक, त्यानंतर श्राद्धपक्षातली खीर, त्यानंतर आता मोडलंच आहे तर दिवाळीनंतर बघू. मी रविवार चुकवायला लागलो. एक, दोन, चार. दुकान टाळण्यासाठी मी पलीकडच्या गल्लीतून जाऊ लागलो, आणि तेवढं जास्त चालणं होतं, अशी मनाची समजूत घालत होतो.

पाचव्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात मास्तर उभे होते, हातात कापडी पिशवी. आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्यावर. आयुष्यभर मशीन मारून त्यांचे गुडघे गेलेले होते. दुकानाची एक पायरी चढायलाही ते दाराची चौकट धरत. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. मेधाने पाणी दिलं. ते बसले, पाणी प्यायले आणि पिशवीतून पँट काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"तू येत नाहीस म्हणून मी आलो," ते म्हणाले. "हा जिना मी दर रविवारी चढणार. तुझी कंबर कमी होते की माझे गुडघे संपतात, बघूया."

"मास्तर, फोन करायचा होतात."

"फोनवर काय दिसतं?" मग मेधाकडे वळून म्हणाले, "गो, रागावू नको. ह्येच्या बापाशीच्या घरी मी कधी गेलंय नाय."

मी आत जाऊन पँट घातली. बटणाला पुन्हा दोन बोटं कमी पडत होती. बाहेर येऊन तसं सांगितलं. ते खुर्चीचा हात धरून उठले. त्यांना हाताला धरून खाली सोडायला गेलो तेव्हा एकेका पायरीवर त्यांचा भार माझ्या खांद्यावर येत होता, आणि मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला माझी पँट नीट बसायला हवी आहे असं नाही. मी जगायला हवा आहे. त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही. सव्वा वर्ष लागलं. छत्तीसच्या पँटमध्ये मी मास्तरांच्या स्टुलावर बसलो आणि अर्धा तास गप्पा मारत बसून राहिलो. त्यांनी पेपर वाचत असल्यासारखं केलं. साखर काठावरून मागे आली. डॉक्टर म्हणाले, असंच ठेवा, म्हणजे त्यांनाही विशेष काही सांगण्यासारखं उरलं नाही.

पुढच्या वर्षी दुकानाची ती इमारत पुनर्विकासाला गेली. जिन्याखालच्या जागेला नव्या आराखड्यात स्थान नव्हतं, कारण नव्या इमारतीत कोणी जिना वापरेल अशी बिल्डरची अपेक्षाच नव्हती. मास्तर कुडाळला गेले. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटलो. काहीतरी बोलावं म्हणून मी त्यांचे उपकार वगैरे शब्द काढले. ते म्हणाले, "भाषण नको. जेवण किती वाजता ते सांग."

अण्णा गेले तेव्हा बावन्न वर्षं, पाच महिने आणि नऊ दिवसांचे होते. हा हिशेब मी कोणाला सांगितला नव्हता, पण मी इतरांची वयं दिवसांपर्यंत मोजणारा माणूस आहे, स्वतःचं वय सुटणं शक्य नव्हतं. गेल्या वर्षी माझा तो दिवस आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुडाळला फोन लावला. हवापाण्याचं बोलून झालं. मग सांगितलं, "मास्तर, आजपासून मी अण्णांपेक्षा मोठा."

पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"काय खाल्लंस आज?" त्यांनी विचारलं.

"अजून काही नाही. चालून आलोय."

"गोड कायतरी खा. माझ्याकडसून खा. एक पेढो."

"साखर..."

"खा रे," ते म्हणाले. "रोज रोज थोडोच असा दिवस येतलो."

मेधाने पेढा आणला. खिडकीशी उभं राहून तो मी सावकाश खाल्ला. माझ्या आजोबांना आणि वडिलांना ज्या वयाने दार उघडलं नव्हतं, त्या वयात मी उभा होतो. आमच्या घरात या वयाचा पुरुष कसा चालतो, कशावर चिडतो, दुपारी खुर्चीत कसा बसतो, हे मी कधी पाहिलेलंच नाही. हे सगळं आता मला स्वतःलाच, कोणाची नक्कल न करता, शिकायचं आहे.