अल्गार्व्हची घंटा

डॉक्टर श्रीकांत गद्रे यांना जगातली एखादी गोष्ट मनापासून आवडली आहे, असं श्यामलाबाईंनी उभ्या संसारात पाहिलं नव्हतं. कार्डिफ त्यांना दमट वाटे, वेल्श लोक मठ्ठ, आणि मराठी मंडळातली माणसं त्याहून मठ्ठ. तरी सुट्टीहून परतलं की त्याच मंडळात व्याख्यान झोडायची हौस दांडगी. श्यामलाबाईंनी पुढं बसून लॅपटॉपवरून भिंतीवर चित्रं सरकवायची आणि तोंड उघडायचं नाही.

दोन हजार सहा साली विषय होता पोर्तुगालचा दक्षिण किनारा, अल्गार्व्ह. चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये बटाटेवडे संपले आणि डॉक्टर उभे राहिले.

"नावसुद्धा यांचं स्वतःचं नाही, अरबांनी दिलेलं! ती नक्षीची धुराडी? अरबांची. यांचं काय, तर सार्डिन मासे आणि आळस." लोक हसले. "गलबतं घेऊन आले आपल्याकडे. वसईत आपण यांच्या चर्चच्या घंटा उतरवल्या आणि देवळांत टांगल्या!"

टाळ्या पडल्या. श्यामलाबाईंनी पुढचं चित्र लावलं. समुद्राकाठचं पांढरं, बुटकं चर्च, दाराशी घंटा आणि लोंबणारी दोरी. हे चित्र काढून टाक, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. श्यामलाबाईंनी ते ठेवलं होतं. बोलायचं की नाही, ते मात्र अजून ठरत नव्हतं.

"नेक्स्ट, नेक्स्ट," डॉक्टर घाईनं म्हणाले.

"काका, पण माणसं कशी आहेत हो तिथली?" मागच्या रांगेतून मंडळातल्या तरुण नीनानं विचारलं.

"मख्ख. बाजारातल्या मेलेल्या माशासारखी."

श्यामलाबाई उठल्या.

"मी सांगते गं. देवळात शिरताना आपण घंटा वाजवतो ना, तशी ह्यांनी ही वाजवली. चांगली दणदणून. होडी संकटात असली तरच ती वाजवतात, हे आम्हाला काय ठाऊक! अख्खं गाव धावत आलं. पुरुष दोरखंड घेऊन, बायका हाताला खवले चिकटलेल्या तशाच. एक म्हातारी अनवाणी आली, तिचा मुलगा समुद्रात होता. आणि ह्यांनी काय केलं? कॅमेरा काढला. म्हणाले, टूरिस्ट कधी पाहिला नाही वाटतं यांनी!"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

"माफीसुद्धा मीच मागितली, हात जोडून. म्हातारी पायरीवर बसून रडली. मग तिनंच मला प्यायला पाणी आणून दिलं."

"श्यामला, विषयाला धरून बोल."

"धरूनच बोलतेय. माणसं कशी, असं तिनं विचारलंय." श्यामलाबाईंनी पर्स उचलली. "आता पुढची चित्रं तुमची तुम्ही सरकवा."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. डॉक्टर लॅपटॉपवर वाकले. कुठली कळ दाबायची, हे त्यांनी आजवर कधी विचारलंच नव्हतं. आतून कपबशांचा आवाज येऊ लागला, तरी भिंतीवर ती घंटा तशीच होती.