सालोमीच्या हातची गाठ

सालोमीच्या गाठीचं त्या वृद्धाश्रमात नाव होतं. इतर आया म्हाताऱ्यांना खाटेला बांधायच्या तेव्हा मनगटावर वळ उठायचे. सालोमीने बांधलं तर सोडल्यावर मागमूस राहायचा नाही. मालकीणबाई, म्हणजे क्रिस्टीना मॅडम, नव्या बाईला कामावर घेतलं की पहिल्याच दिवशी बजावायच्या, "बांधायचं कसं ते सालोमीकडून शिकून घे." आणि सालोमी, खोटं कशाला बोला, मनातून फुलायची. जन्मात तिचं कौतुक असं फारसं कुणी केलंच नव्हतं.

ही गाठ तिला शिकवली होती लुसीमायने, आणि ती माणसांसाठी मुळीच नव्हती.

लुसीमाय सालोमीची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवशी हिला हातांवर घेऊन चर्चमध्ये उभी राहिलेली. पुढे सालोमीची आई लवकर गेली, बाप शेवटपर्यंत बाटलीतून वर आला नाही, आणि पोर वाढली ती लुसीमायच्या पानमळ्यात. तांबडं लुगडं खोचून लुसीमाय वेलांमधून फिरायची आणि केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, ओल्या पट्टीने एकेक वेल आधाराच्या झाडाला बांधायची. सालोमी मागे मागे. "पट्टी पान्यात बुडवून घे. दोनदा फिरव. मधे बोट जाईल एवढी जागा ठेव. वेलाला कळलं नाय पायजे, आपून त्याला बांधलाय." सालोमीची गाठ घट्ट झाली की लुसीमाय ती सोडायला लावायची, पुन्हा बांधायला लावायची, आणि वर एक टपली.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली की सगळी कामं थांबायची. प्रार्थना व्हायची, मग लहानांनी मोठ्यांपुढे वाकून आशीर्वाद घ्यायचा. लुसीमायचा हात डोक्यावर आला की पानांचा तिखट वास यायचा. सालोमी लग्न होऊन शेजारच्या आळीत गेली तरी हा नेम तिने सोडला नाही. नवरा कुरकुरायचा, तरी पाच मिनिटं का होईना, जाऊन यायची.

मग नालासोपाऱ्यात, विरारला इमारतींवर इमारती चढल्या आणि त्यांना पाजायला गावातल्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून निघालं. पाणी विकणारे आपल्यातलेच, तेव्हा शिव्या तरी कुणाला घालणार? विहिरींना समुद्राचा खार चढला. लुसीमायचे वेल बुंध्यापासून काळे पडत गेले आणि दोन पावसाळ्यांत मळ्याचं मोकळं रान झालं. सालोमीचा नवराही त्याच सुमारास गेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो असा. घर तर चालवायचं होतं. कुणीतरी सांगितलं, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला 'सांत्वन' नावाचा वृद्धाश्रम निघालाय, बाया हव्यात.

क्रिस्टीना मॅडम आखातात नर्स होत्या. परत आल्यावर सासरच्या बंगल्यात त्यांनी खाटा टाकल्या. बाई दुष्ट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. म्हाताऱ्यांच्या वाढदिवसाला केक आणायची, मेलं कुणी तर खरंच रडायची. फक्त खाटा जास्त आणि बाया कमी, हे गणित तिने कधी बदललं नाही.

सालोमी लागली तेव्हा तिथे कुणाला बांधत नसत. हरेश्वर नावाचे एक निवृत्त कारकून होते, मुलगा-सून विरारला राहायचे. गोड माणूस, सकाळी उठून स्वतःची चादर स्वतः घडी घालायचा. एका सकाळी ते संडासाकडे निघाले आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर आडवे झाले. खुबा मोडला. इस्पितळात नेलं, तिथून परत आले नाहीत. फरशी ओली होती, तिथे धरायला कठडा नव्हता, चपला गुळगुळीत झालेल्या होत्या. यातलं काही कुणी बोललं नाही. दोष गेला म्हाताऱ्याच्या चालण्याला. मॅडमनी सगळ्या आयांना बोलावून सांगितलं, "चाललं की पडतं. पडलं की मरतं. बांधून ठेवा." कठडा मात्र त्यानंतरही लागला नाही.

सालोमीला ते पटलं. हरेश्वररावांचं विव्हळणं तिने ऐकलं होतं. बांधायचंच आहे तर निदान नीट बांधूया, म्हणून तिने घरून जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडून आणल्या. जोडीची पुतळाबाई नायलॉनची दोरी वापरायची आणि हसायची, "तू काय गं, बाळंतिणीचं पोट बांधतेस का?" रविवारी नातेवाईक यायचे, त्याआधी सगळ्या गाठी सोडून पट्ट्या कपाटात जायच्या. चांगलंच काम होतं तर लपवायचं कशाला, हा प्रश्न सालोमीला पडला नाही. पडायला हवा होता. पायांनी चालत आलेली माणसं काही महिन्यांत चालायची विसरतात, दुपारच्या चहानंतर पाणी मागितलं की 'रात्री ओलं करतील' म्हणून पेला पुढे येत नाही, बडबडी माणसं हळूहळू गप्प होतात. हे सगळं ती रोज डोळ्यांनी बघत होती. पण रोज दिसतं ते माणसाला दिसेनासं होतं. सालोमी म्हणायची, वय झालं, दुसरं काय.

अशात लुसीमाय न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण तिच्या मुलाने, जेन्सनने, धसका घेतला. तो बायकोपोरांसह मस्कतला. सुट्टीवर आला आणि थेट सालोमीच्या दारात. "घरात एकटी कशी ठेवू? तुमच्या तिथं कसं आहे?"

"चांगलं आहे," सालोमी म्हणाली. "मी आहे ना."

तिने हे मनापासून सांगितलं. त्या शब्दावर लुसीमाय 'सांत्वन'मध्ये आली. जन्मभर नेसलेलं तांबडं लुगडं सोडवून तिला गाऊन घातला, कारण गाऊन बदलायला सोपा. पहिल्या दिवशी सकाळी ती उठून बंगल्यामागच्या विहिरीपाशी जाऊन उभी राहिली, पाणी कसं आहे ते बघायला. मॅडमनी खिडकीतून पाहिलं. "सालोमी, तुझ्या म्हातारीला बांध."

आपल्या माणसाला पुतळाबाईचा हात लागण्यापेक्षा आपलाच बरा, असं सालोमीला वाटलं. लुसीमायच्याच लुगड्याची पट्टी काढली, धुऊन धुऊन मऊ झालेली. पाण्यात बुडवली, दोनदा फिरवली, बोट जाईल एवढी जागा ठेवली. लुसीमाय आपल्या मनगटाकडे बघत राहिली.

"गाठ बरी जमते गं तुला आता," ती म्हणाली.

सालोमी हसली. हो, हसली, पुढे आयुष्यभर तिला ते हसणं आठवत राहिलं.

सुरुवातीला लुसीमाय हाका मारायची. संडासला जायचंय, पानी दे, पाठ दुखते. सालोमी जवळ असली तर यायची, दुसऱ्या खोलीत असली तर कुणीच यायचं नाही. मग हाका कमी झाल्या. कमरेखाली कातडी लाल झाली, मग फुटली. मॅडमनी मलम दिलं आणि म्हणाल्या, "आता किती शांत झाली बघ." जेन्सनचा फोन आला तेव्हा हेच त्यालाही कळवलं. गावात कुणी विचारलं तर सालोमीही सांगायची, लुसीमाय रुळली.

संध्याकाळचा नेम तेवढा चालू होता. घंटा झाली की सालोमी लुसीमायच्या उजव्या हाताची गाठ सोडायची आणि वाकायची. हात डोक्यावर यायचा. मग ती पुन्हा गाठ बांधायची आणि घरी जायची. यात काही भलतं आहे असं तिला वाटलं नाही, इतकी ती त्यात मुरली होती.

एका संध्याकाळी नवा पेशंट आला होता, धावपळ होती. घंटा वाजली तशी सालोमी घाईने आली आणि गाठ न सोडताच वाकली. वरून हात आला नाही. तिने वाट पाहिली. मग डोळे उघडले तर डोळ्यांसमोर तो हात होता. खाटेवरून चार बोटं वर उठलेला, पट्टी ताणलेली, बोटं वर यायला बघताहेत. गाठ सुटत नव्हती. सालोमीची गाठ कधी सुटत नसे.

कितीतरी दिवसांनी लुसीमाय बोलली. "वेल बांधीत होतो आपून, तो वर चढावा म्हनून. मला कशाला बांधलं गं?"

सालोमी तिथेच जमिनीवर बसली. लाज तिच्या अंगभर चढली. मग उठून तिने लुसीमायच्या गाठी सोडल्या, शेजारच्या खाटेच्या सोडल्या, त्या खोलीतल्या सगळ्या सोडल्या. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. "उद्या यातलं कुणी पडलं तर जबाबदार कोण? तू?" सालोमी एवढंच म्हणाली, "मी आता बांधणार नाय." मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, मग उद्यापासून यायचं कारण नाही.

एसटीडी बूथवरून तिने मस्कतला फोन लावला. जेन्सन आधी घाबरला, मग चिडला. "बांधतात तर चांगलंच ना, पडणार नाही. तूच म्हणालीस ना चांगलं आहे? आता तूच वाईट म्हणतेस?" तो खोटं बोलत नव्हता, म्हणून सालोमीला जास्त लागलं. रविवारी ती फाटकाबाहेर उभी राहिली आणि आत जाणाऱ्या नातेवाइकांना सांगू लागली, कमरेखाली बघा, रविवार सोडून एखाद्या दिवशी न सांगता या. कुणी ऐकून मान खाली घातली, कुणी वाट बदलली. वडिलांना भेटायला विरारहून आलेला एकजण मात्र थांबला. "मावशी, आम्ही दोघं नवराबायको पहाटे कामाला घर सोडतो. तुम्ही म्हणता तसं असेलही. पण घरी नेलं तर यांच्याजवळ बसणार कोण, सांगा." तो रागावलेला नव्हता, फक्त थकलेला होता. तो आत गेला.

त्याच रविवारी, गाठी सोडलेल्या असताना, सालोमी रिक्षा घेऊन आली आणि लुसीमायला उचलून घेऊन गेली. कुणी अडवलं नाही. एक खाट मोकळी झाली. निघताना पुतळाबाई फाटकापर्यंत आली. म्हणाली, "मॅडमनी नायलॉन बंद केलं. आता सगळ्यांना तुझीच गाठ." तिला वाटलं सालोमीला बरं वाटेल.

सालोमीच्या घरी, खिडकीजवळच्या खाटेवर, लुसीमाय पावसाळाभर जगली. सालोमीने तिला कुशी बदलून दिल्या, जखमा धुतल्या, मागेल तेव्हा पाणी दिलं. मागत नसे, तरी दिलं. लुगडं नेसवलं. पाय मात्र पुन्हा जमिनीला लागले नाहीत, आणि 'सांत्वन'मधल्या त्या संध्याकाळनंतर ती एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी घंटा व्हायची. सालोमी हात पुसून खाटेजवळ जायची, वाकायची. आणि ती जवळ आलेली दिसली की लुसीमाय आपले मोकळे हात पांघरुणाबाहेर काढायची, दोन्ही मनगटं जुळवायची आणि तिच्यापुढे धरायची, बांधायला. सालोमी ते हात परत पांघरुणात ठेवायची. शेवटच्या दिवसापर्यंत रोज असंच झालं.